घोडा एकदम गरीब आहे, साहेब!

मुंबईच्या उपनगरात मूल वाढवणं म्हणजे मुख्यतः ते पडू न देणं. खिडकीला ग्रिल असतं, ग्रिलला जाळी असते, जाळीला कुलूप असतं आणि त्या कुलपाची किल्ली कुठे आहे ते फक्त आजीला माहीत असतं. मूल स्केटिंगला निघालं की गुडघे, कोपरं, मनगटं अशा सगळ्या सांध्यांना पॅड बांधून त्याला इतकं जाडजूड करतात, की पडलं तरी टप्पा खाऊन आपोआप उभं राहावं. तीन फूट पाण्याच्या तलावात उतरायचं तर दंडांना फुगे. शाळेच्या बसचा ठिपका आईच्या मोबाइलवर सरकत असतो आणि तो मुलुंड चेकनाक्याला जरा जास्त वेळ रेंगाळला की बसवाल्या काकांना फोन जातो. सरकारही मागे नाही. २०२२ साली निघालेल्या मोटार वाहन नियमाप्रमाणे चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर न्यायचं तर त्याला हेल्मेट हवं, चालवणाऱ्याशी जोडणारा पट्टा हवा आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा. एलबीएस मार्गावर याहून जास्त वेग कुणाला मिळतो, हा भाग वेगळा.

हेच आईबाप मे महिन्यात कर्जत लोकल पकडून नेरळला उतरतात, टॅक्सीने घाट चढून माथेरानच्या दस्तुरी नाक्यावर पोचतात आणि तिथे एक तीनशे किलोंच्या घरातलं, जन्मात कधी न पाहिलेलं जनावर त्यांच्यासमोर येऊन उभं राहतं. बाप त्याच्याबद्दल एकच चौकशी करतो.

"किती घेणार?"

बापालाही फार दोष देता येत नाही. दस्तुरीच्या पुढे मोटारींना मज्जाव आहे. रुग्णवाहिका आणि अग्निशमनाची गाडी यांनाच काय ती सूट. १९०७ पासून धावणारी छोटी गाडी आहे, पण तिचं तिकीट मिळणं हा नशिबाचा भाग आणि पावसाळ्यात तीही नेरळपासून वर येत नाही. माणसाने ओढायच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं, आणि ते योग्यच झालं. राहता राहिले ई-रिक्षा, स्वतःचे पाय आणि साडेचारशेच्या आसपास परवानाधारक घोडे. माथेरानमध्ये घोडा हे वाहन आहे. त्यामुळे बाप त्याच्याशी घाटकोपर स्टेशनबाहेरच्या रिक्षाशी वागावं तसाच वागतो. भाव करतो, पाठ फिरवून दहा पावलं चालतो, परत येतो. मीटर नाही एवढंच त्याला खटकतं.

घासाघीस संपली की आई सुरक्षिततेचा प्रश्न काढते. "अहो, घोडा शांत आहे ना?" यावर घोडेवाल्याचं उत्तर पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे: "एकदम गरीब आहे, ताई. लहान मुलांचाच घोडा आहे." झालं. ज्या बाईने बेबी-सिटर ठेवताना तीन जणींकडे चौकशी केली, पोलीस पडताळणी करून घेतली आणि सोसायटीच्या ग्रुपवर जनमत घेतलं, तिला घोड्याबाबत घोड्याच्याच मालकाचा दाखला पुरतो.

आता खरं सांगायचं तर घोडेवाला खोटं बोलत नसतो. घोडा गरीबच असतो. तोच रस्ता, तेच पॉइंट, तीच लाल माती, तीच किंकाळी फोडणारी माणसं. या सगळ्याला तो विटलेला असतो. पण घोडा कितीही गरीब असला तरी तो मूळचा वाघा-लांडग्यांचं भक्ष्य असलेला प्राणी आहे, आणि त्याच्या कुळाचा धर्म एकच: आधी पळायचं, मग कशाला पळालो त्याचा विचार करायचा. वाघ माथेरानच्या बाजारपेठेत येत नाही हे त्याला कुणी कळवलेलं नाही. झाडावरून माकड उडी मारतं, कुणी फटकन छत्री उघडतो, चिप्सचं रिकामं पाकीट वाऱ्यावर फडफडत येतं, आणि सव्वा अकरापर्यंत गरीब असलेला घोडा सव्वा अकराला गरीब राहत नाही. त्यात रस्त्यावर पेव्हर ब्लॉक आले. त्यांच्यावरून घोड्यांचे पाय घसरतात, ही घोडेवाल्यांची तक्रार न्यायालयापर्यंत जाऊन आली. नाल ठोकलेल्या पायांनी गुळगुळीत उतार उतरून पाहिल्याशिवाय त्यांची तक्रार आपल्याला कळायची नाही.

घोड्यावर बसलेल्या मुलाचं डोकं जमिनीपासून सहा-सात फुटांवर असतं. घरात तेवढ्या उंचीच्या माळ्यावर ते चढलं तर काय हलकल्लोळ होईल याची कल्पना करा. इथे माळा चालायला लागतो, आणि खाली उभे असलेले आईबाप म्हणतात, "हस की जरा! इकडे बघ!"

मग सुरू होतात सूचना. उपनगरातल्या आईच्या सूचना लोकलच्या घोषणांसारख्या तिन्ही भाषांत आणि अखंड असतात. त्यांतली सगळ्यांत जोरकस सूचना म्हणजे, "पाय घट्ट आवळून धर रे!" आता घोड्याच्या शिकवणुकीत पोटऱ्यांनी बरगड्या आवळल्या की त्याचा अर्थ होतो, चल, वेग वाढव. मूल आज्ञाधारक असतं, ते पाय आवळतं. घोडाही आज्ञाधारक असतो, तो दुडक्या चालीने निघतो. मूल घाबरून आणखी आवळतं. आई मागून धावत ओरडते, "अजून घट्ट!" या प्रसंगात सगळे जण सांगितलेलं काम चोख करत असतात.

रीतसर शिकवणारा माणूस याच्या नेमकं उलट सांगतो. पाय सैल सोडायचे, टाच खाली दाबायची, रिकिबीत पावलाचा पुढचा भाग तेवढा ठेवायचा, आणि बूट टाच असलेला हवा, म्हणजे पाऊल रिकिबीतून आरपार जात नाही. आपली मुलं माथेरानला काय घालून जातात? रबरी क्लॉग्ज. भोकाभोकांचे, पाठीमागून उघडे, गुळगुळीत, आणि बापाने महागातले म्हणून ट्रिपसाठी खास राखून ठेवलेले. शिवाय सात वर्षांच्या मुलाचा पाय मोठ्या माणसाच्या रिकिबीपर्यंत पोचतच नाही. मग घोडेवाला मोठ्या मायेने ती पावलं रिकिबीच्या वरच्या चामडी पट्ट्यात अडकवून देतो. "आता पडणार नाही," असं म्हणतो. बरोबर आहे. पूर्ण पडणार नाही. अर्धं पडेल आणि पाय पट्ट्यात राहील. घोडेस्वारीतल्या अपघातांत पडण्यापेक्षा वाईट जर काही असेल तर ते फरफटणं, आणि त्याची तजवीज आपण निघण्यापूर्वीच करून ठेवलेली असते. पट्टा आखूड करायला लावणं हा दोन मिनिटांचा उद्योग आहे. पण तेवढ्या वेळात मागचं कुटुंब पुढे जातं आणि त्यांना पॉइंटवर आपल्याआधी मक्याचं कणीस मिळतं.

काही बाप यावर तोडगा म्हणून लहानग्याला स्वतःच्या पुढ्यात घेऊन बसतात. हा तोडगा दिसतो फार प्रेमळ. मात्र बाप घसरला तर तो एकटा घसरत नाही, आणि उपनगरातला चाळिशीतला बाप मुलाच्या अंगावर पडणं हा घोड्यावरून पडण्याखेरीज होणारा वेगळा अपघात असतो. कमरेला ओढणीने बांधून घेण्याची कल्पनाही अधूनमधून निघते. पाठीशी मूल बांधलेल्या झाशीच्या राणीचा पुतळा आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो, त्याचा हा परिणाम. राणीसाहेब लहानपणापासून घोड्यावर होत्या. आपण लहानपणापासून ८.१२ च्या लोकलच्या दारात आहोत. ते कौशल्य इथे कामाला येत नाही.

दाराचा विषय निघालाच आहे तर मागच्या दाराचंही बोलू. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. दिसत नाही ते दोनच ठिकाणचं: अगदी नाकापुढचं आणि शेपटीमागचं. आपली मुलं धावत येतात ती शेपटीकडून, आणि सेल्फी काढतात ती नाकापुढून. म्हणजे घोड्याच्या परिसरात त्याला न दिसणाऱ्या नेमक्या दोन जागा आपण हेरून ठेवल्या आहेत. लाथ खायला घोड्यावर बसावं लागत नाही. त्याच्या बाजूने नुसतं मागे गेलं तरी पुरतं. कान मागे चिकटवलेला घोडा चिडलेला असतो, हे मुलांना पाच मिनिटांत शिकवता येतं. खाऊ द्यायचा तो तळहात सपाट पसरून, कारण घोड्याला गाजर आणि बोटं यांत फारसा फरक दिसत नाही. आपल्या मुलांना डायनासोरच्या तेवीस जाती पाठ असतात. जो प्राणी खरोखर भेटणार आहे त्याच्याविषयी अभ्यासक्रमात काही नाही.

आणि हेल्मेट? हेल्मेटचं नाव काढून पाहा. घोडेवाला तुमच्याकडे, उसाच्या रसात बर्फ बाटलीबंद पाण्याचा आहे का असं विचारणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसं बघतो. कुणाकडे असलंच तर ते एकच असतं आणि सगळ्या मापांच्या डोक्यांना तेच असतं. पहिलीतल्या मुलीच्या डोक्यावर ठेवलं की ती आतून "आई, तू कुठेयस?" असं विचारते. काही दूरदर्शी पालक घरून मुलाचं क्रिकेटचं हेल्मेट आणतात. त्यांची भावना थोर आहे, पण ते हेल्मेट समोरून येणाऱ्या चेंडूसाठी केलेलं असतं. घोड्यावरून माणूस पाठीवर, कुशीवर, वाट्टेल तसा पडतो. घोडेस्वारीच्या हेल्मेटला डोक्याची मागची बाजू खालपर्यंत झाकावी लागते, ते हलता कामा नये, आणि हनुवटीखालचा पट्टा लावलेला हवा. पट्टा मोकळा सोडलेलं हेल्मेट तुमच्याआधी खाली पडतं, एवढाच त्याचा उपयोग. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धडधाकट दिसलं तरी टाकून द्यायचं असतं. मोठ्या भावाचं धाकट्याला, धाकट्याचं मावसभावाला ही आपली परंपरा स्वेटरपुरती ठेवलेली बरी.

मला गंमत वाटते ती महालक्ष्मीची. १८८३ पासून तिथे रेसकोर्स आहे. तिथले जॉकी म्हणजे उठल्यापासून घोड्यावर असणारी माणसं. मांड पक्की, अंग हलकं, पडायचं कसं हेसुद्धा शिकलेली. ती डोक्याला हेल्मेट आणि छातीला जाड जाकीट घातल्याशिवाय बाहेर पडत नाहीत आणि शर्यत सुटली की आतल्या बाजूने रुग्णवाहिका त्यांच्या बरोबरीने पळते. आणि ज्याने आयुष्यात चार पायांवरची म्हणून फक्त डायनिंगची खुर्ची वापरली, तो पर्यटक डोक्यावर 'आय लव्ह माथेरान'ची टोपी घालून निघतो. जितकं कमी येतं तितकी कमी काळजी, असं हे गणित आहे. शिवकाळात ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार आणि ज्याला घोडा सरकारातून मिळे तो बारगीर. आपली मुलं अर्ध्या तासाचे बारगीर. निदान त्या काळच्या बारगिराला घोड्याचा स्वभाव माहीत असायचा.

किशोरवयीन मुलांचा प्रश्न वेगळा, कारण त्यांना भीती वाटत नाही आणि आई बरोबर आलेली चालत नाही. चौदाव्या वर्षी घोडा चालवला तर तो घोडेवाल्याने धरून चालवलेला चालत नाही. लगाम स्वतःच्या हातात हवा. एकाच हातात, कारण दुसऱ्यात मोबाइल असतो. पाचगणीच्या टेबललँडवर किंवा महाबळेश्वरला वेण्णा तलावाजवळ ही मंडळी पाहावीत. रीलमध्ये केस मागे उडायला हवेत म्हणून घोड्याने चौखूर पळायला हवं. हेल्मेट घातलं तर केस उडणार नाहीत, म्हणजे पळण्याचं कारणच संपलं. या वयाच्या मुलांना 'डोकं फुटेल' हे सांगून उपयोग नसतो. 'लगाम हाताला गुंडाळू नको, पडलास तर घोडा तुला ओढत नेईल आणि तुझा मित्र ते शूट करेल' हे सांगितलं तर थोडं आत शिरतं.

हे सगळं हसण्यावारी नेता येतं ते नेहमीच नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये दक्षिण मुंबईतल्या कूपरेजच्या बागेत सहा वर्षांची एक मुलगी फेरी मारताना घोड्यावरून पडली आणि गेली. त्याच्या दोन वर्षं आधी, जून २०१५ मध्ये, उच्च न्यायालयाने मुंबईतल्या व्हिक्टोरिया गाड्या वर्षभरात बंद करायचा आदेश दिला होता. तो घोड्यांचे हाल होतात म्हणून. घोड्यांची दखल घेतली गेली हे चांगलंच झालं. बागेत पाठीवर बसणाऱ्या पोरांचा नंबर यायला एक पोर जावं लागलं.

मूल पडलंच तर काय करायचं, याबाबत मराठी घराची कार्यपद्धती ठरलेली आहे. पहिल्यांदा म्हणायचं, "उगी उगी, मुंगी मेली!" मग जमिनीला एक चापटी मारायची. अंथरुणावरून पडलेल्या मुलाला हा उपचार पुरतो. सहा फुटांवरून पडलेल्या मुलाच्या बाबतीत मुंगीचं काय झालं ते नंतर पाहावं. ते गोंधळल्यासारखं बोलतंय का, उलटी होते का, डोकं दुखतंय का, अवेळी गुंगी येते का, हे पुढचा दिवसभर तरी बघायचं, आणि यांतलं काही दिसलं की मक्याचं कणीस सोडून डॉक्टरकडे जायचं. मान दुखत असेल तर आपण उचलाउचल करायची नाही. 'पडला तर लगेच परत बसव, म्हणजे भीती जाते' असं सांगणारा एक काका प्रत्येक ट्रिपमध्ये असतोच. डोक्याला मार लागलेल्या मुलाला त्या दिवशी परत घोड्यावर बसवायचं नाही. काकांना बसवावं, म्हणजे बोलणं तरी थांबतं.

खरचटलं असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन आठवायचं. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि घोड्याच्या लिदीत मुक्कामाला असतात, आणि माथेरानच्या वाटा या दोन्हींच्या बनलेल्या आहेत. मुलांना दहाव्या आणि सोळाव्या वर्षी ती लस द्यायची असते. नेमकी तीच दोन इंजेक्शनं दहावीच्या क्लासच्या आणि स्कॉलरशिपच्या धावपळीत राहून जातात. तसं पाहिलं तर या बाबतीत घोड्याने आपलं देणं केव्हाच फेडलंय. परळच्या हाफकिनसारख्या संस्थांनी धनुर्वातावरची आणि सर्पदंशावरची प्रतिविषं घोड्यांच्याच रक्तापासून केली. आपण मात्र त्याला दस्तुरीवर 'रिटर्न धरून किती?' एवढंच विचारतो.

माथेरानला निदान जावं तरी लागतं. उपनगरात घोडा घरी येतो. घाटकोपरला लग्नसराईत संध्याकाळी एखाद्या गल्लीत शिरून पाहा. आरशांची झूल घातलेली घोडी, वर नवरदेव, आणि नवरदेवाच्या पुढ्यात नटवलेला पाच वर्षांचा भाचा. खाली बँड, जनरेटरची गाडी, आणि पायांत फुटणारी दहा हजारांची माळ. नवऱ्याला फेटा सांभाळायचा असतो, भाच्याला झोप आलेली असते, आणि दोघांपैकी एकानेही लगाम धरलेला नसतो. घोडीचा मोतद्दार तेवढा तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटत, एका हाताने तिला धरून, दुसऱ्या हाताने नाचणाऱ्या मामांना ढकलत पुढे सरकत असतो. अख्ख्या वरातीत आपण काय करतोय हे माहीत असलेला तोच एक माणूस, आणि नोटा ओवाळतात त्या बँडवाल्यावर.

शिवाय आपल्याकडे गुढीपाडवा आहे. डोंबिवलीत १९९९ साली नववर्ष स्वागतयात्रा निघाली आणि मग मुलुंड, बोरिवली, अंधेरी करत सगळीकडे निघू लागली. बालशिवाजी हवाच, आणि तो घोड्यावरच हवा. आमच्या भागातल्या यात्रेच्या तयारीच्या बैठकीत यंदा एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी हात वर केला. त्या दोन वर्षं वर्गणी देऊन गप्प बसल्या होत्या. "बालशिवाजीला हेल्मेट हवं," त्या म्हणाल्या.

सभागृहात शांतता पसरली. मग एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, महाराजांनी हेल्मेट घातल्याचा पुरावा आहे का? दुसरे म्हणाले, शिरस्त्राण होतंच की, ते लोखंडाचं असायचं. तिसरे म्हणाले, लोखंडाचा जिरेटोप कार्यकर्त्यांकडून परत येत नाही. बाईंनी शांतपणे पर्याय मांडला: आत घोडेस्वारीचं हेल्मेट, वरून जिरेटोप शिवून घ्यायचा. पट्टा कल्ल्यांच्या खाली लपेल. बालशिवाजीला कल्ले असतात का, यावर पाऊण तास गेला. शेवटी ठराव झाला, एकमताने. लगाम मोतद्दाराच्या हातात, तलवार पुठ्ठ्याची, पायांत मोजडीऐवजी टाचेचे बूट, फटाके बंद.

"आणि ढोल-ताशा पथक घोड्यापासून लांब," बाई म्हणाल्या. "निदान शंभर फूट."

पथकाचा प्रमुख आतापर्यंत मोबाइलमध्ये होता. त्याने मान वर केली.

"मॅडम, मग महाराजांच्या फोटोत आम्ही कसे येणार?"